दूध गोळा होतंय, पण विकायला तरुण पोरं का टिकत नाहीत?

घाटमाथा
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुधाला तोटा नाही. गावोगावी संस्था आहेत, सकाळ-संध्याकाळ कॅन भरतात, टेस्टर म्हणून विशीतली पोरं मशीनवर बसलेली दिसतात. पण कॅन संस्थेच्या दारातून बाहेर पडला की पुढची सगळी साखळी, म्हणजे गाडी भरणं, लाईन मारणं (ठरलेल्या रस्त्यानं रोज दूध पोचवत फिरणं), दुकानं, हॉटेलं, घरोघरचा रतीब, दही-पनीरची विक्री, वसुली, यात नवीन माणूस येत नाही. आला तर सहा-आठ महिन्यांत सोडतो.

"आजकालच्या पोरांना कष्ट नकोत" हे उत्तर कृपा करून देऊ नका. तीच पोरं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभी राहतात, गोव्याच्या हॉटेलात बारा तास राबतात. मग दुधाच्या गाडीवरच का थांबत नाहीत? ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी तास, रुपये, लिटर यांत सांगा. आणि जी टिकतात ती कशामुळे टिकतात, तेही सांगा.

डिग्री२८
आधी तास मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

रात्री २:३० ला प्लँटच्या डॉकवर, म्हणजे गाडी भरायच्या फलाटावर, गाडी लागते. क्रेट मोजणं, भरणं, चलन घेणं यात तास जातो. ३:३० ला गाडी निघते. लांबच्या गावांना आधी, शहरातल्या दुकानांना ५ ते ६:३०. आठपर्यंत रिकामे क्रेट गोळा करत परत. मग रोकड आणि यूपीआयचा मेळ घालणं, उद्याचा इंडेंट, म्हणजे किती दूध लागेल ती मागणी, कळवणं, बँकेत भरणा. दहा वाजतात. दुपारी झोप, चारला परत संध्याकाळची फेरी, सहा-साडेसहाला मोकळा.

काम भरतं दहा-अकरा तासांचं, पण पसरलेलं असतं सोळा तासांवर. सलग झोप चार तासांच्या वर मिळत नाही. आणि दूध ३६५ दिवस. दिवाळी, गणपती, लग्नसराई या दिवसांत उलट दुप्पट मागणी. फाउंड्रीत भट्टी तापलेली असली तरी आठ तास, रविवार, पीएफ, ईएसआय. पोरगा तुलना करतो ती कष्टांची नसते, सुट्टीची असते.

टीपकागद
डिग्रीदादांनी तास मांडले, मी रुपये मांडतो. कंपनी-संघागणिक कमिशन वेगळं असतं, म्हणून आकडे "समजा" धरून वाचा आणि आपापले घालून बघा.

समजा लिटरमागे सगळं मिळून ३ रुपये सुटतात. नवीन पोराला लाईन मिळते ती साधारण ३०० लिटरची.

जमा: ३०० × ३ = ९०० रुपये.
डिझेल: ४५ किलोमीटर, गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज, ३ लिटर, ९० च्या दरानं २७०.
हेल्पर: ३००.
गाडीचा हप्ता: महिना १२,०००, म्हणजे रोज ४००.
गळती: अर्धा टक्का, दीड लिटर, ४६ च्या भावानं ६९.
खर्च १,०३९. म्हणजे रोज १३९ रुपये खिशातून.

आता उलटं करू. डिझेल, हेल्पर, हप्ता हे ९७० रुपये लिटर वाढले तरी फारसे बदलत नाहीत. गळती वजा जाता लिटरला २ रुपये ७७ पैसे उरतात. ९७० भागिले २.७७ म्हणजे ३५० लिटर. तिथं फक्त खर्च निघतो, पोराची मजुरी शून्य. रोज ६०० रुपये घरी न्यायचे असतील तर ५६७ लिटर लागतात.

म्हणजे ३०० लिटरवर सुरुवात करून ५७० पर्यंत जायला जो काळ लागतो, तेवढा काळ घरून पैसे घालायची ताकद असेल तोच टिकतो. सहा-आठ महिन्यांत सोडतात ते याच टप्प्यात.

चिकोडीमामा
टीपकागद, हिशेब बरोबर हाय, पण टायर, विमा, सर्व्हिसिंग, पासिंग राहिलं की. रोजचे १२० तरी धरा. मग तुमचा ५६७ चा आकडा ६१० वर जातो. शिवाय दुकानदाराकडं अडकलेले पैसे. ६०० लिटरच्या लाईनीत दोन दिवसांची उधारी राहिली तर पन्नास हजारांच्या वर रक्कम बाहेर फिरते, आणि डॉकवर मात्र पैसे भरल्याशिवाय गाडी भरत नाहीत.

आता गळतीविषयी. अर्धा टक्का हा सरासरीचा आकडा, पण तो कुणाच्या पदरात पडतो हे महत्त्वाचं. पिशवी तीन कारणांनी गळते. एक, पॅकिंग मशीनचा आडवी शिवण मारणारा जबडा नीट तापला नाही किंवा जास्त तापला. कमी तापला तर शिवण सुटते, जास्त तापला तर फिल्म पातळ होऊन कडेला फाटते. दोन, फिल्मलाच सुईच्या टोकाएवढं भोक. ते भरताना दिसत नाही, दोन तासांनी क्रेटचा तळ ओला होतो. तीन, जुन्या क्रेटची तुटलेली जाळी. तिचं टोक पिशवीत घुसतं.

पहिली दोन कारणं प्लँटची, तिसरं बहुतेक वेळा हाताळणीचं. पण नियम असा की गेटच्या आत दिसली ती गळती परत मिळते, गेटबाहेर दिसली ती एजंटची, म्हणजे लाईन चालवणाऱ्याची. रात्री तीनला, अंधारात, मागं दहा गाड्या हॉर्न मारत असताना साठ क्रेट कोण तपासणार? जुना माणूस काय करतो, सांगतो: क्रेट उचलताना एका बाजूला वाकवतो, खालच्या कोपऱ्यात थेंब जमतो का बघतो, आणि तळावरून हात फिरवतो. एका क्रेटला पाच-सात सेकंद. साठ क्रेटला सात मिनिटं. ही सात मिनिटं नवीन पोराला कुणी शिकवत नाही, आणि डॉकवर कुणी देतही नाही.

सायसाखर
मामा, तुटक्या क्रेटबद्दल अगदी बरोबर. रिकामे परत देताना तुटके आधी द्यावेत, भरताना चांगले मागून घ्यावेत. भांडण न करता होतं.

निपाणीकर
सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती बंगळूर किंवा पुण्याच्या माणसाला कळणार नाही.

इथं दोन राज्यांचे भाव, दोन राज्यांच्या पिशव्या आणि दोन भाषा एकाच रस्त्यावर चालतात. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर, संकेश्वरहून गडहिंग्लज जवळ, चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात. एका बाजूला दर वाढला की दुसऱ्या दिवशी दुकानदार विचारतो, "ती पिशवी दोन रुपयांनी स्वस्त हाय, तुमची का ठेवू?" कर्नाटक सरकार सहकारी संघाला दूध घालणाऱ्या उत्पादकाला लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहन देतं. पलीकडं कोल्हापूरच्या बाजूला दिवाळीआधी फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधाचा दरफरक, हातात येतं. शेतकरी दोन्ही तोलून बघतो आणि दूध इकडून तिकडं सरकतं. विकणाऱ्या पोराला यातलं काहीच मिळत नाही, पण गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना उत्तरं त्यालाच द्यावी लागतात.

दुसरं, भाषा. बेळगाव शहरात शहापूर, वडगाव, अनगोळला मराठीवर लाईन निभते. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडं कन्नडशिवाय दुकानदार ऑर्डर वाढवत नाही. चलन, पावत्या, परिपत्रकं कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेला पोरगा बोलायला कन्नड सहज बोलतो, वाचायला अडखळतो. त्याच्यापुढं सुपरवायझरची जागा आली की तो मागं राहतो. हे भांडणाचं कारण म्हणून सांगत नाही. ज्याला या धंद्यात वर चढायचं आहे त्यानं सहा महिने बसून कन्नड वाचन पक्कं करावं: आकडे, महिने, "बाकी", "जमा", "परत" हे शब्द, आणि योजनेची परिपत्रकं. तेवढ्यानं माणूस वेगळा उठून दिसतो. मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी कोकणी येणारा विक्रेता या पट्ट्याबाहेर मिळणं कठीण आहे. ती आपल्या पोरांची खरी जमेची बाजू आहे.

घाटमाथा
निपाणीकर, कोकणी का म्हणालात ते कळलं. गोव्याची लाईन.

निपाणीकर
होय. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा एक रस्ता, खानापूर-लोंढा-अनमोड हा दुसरा. डिसेंबरात हॉटेलं भरलेली असतात तेव्हा दूध, दही, पनीर, सगळं खपतं. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी अडकते आणि दूध तापतं. त्यासाठी बंद इन्सुलेटेड बॉडी आणि दोन ड्रायव्हर लागतात. एकट्या पोरानं उघड्या पिकअपवर ही लाईन घेऊ नये. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, तेव्हा कोल्हापूरकडची आवकजावक थांबली. दोन बाजारांना दूध देणाऱ्यानं जुलै-ऑगस्टसाठी पर्यायी दुकानं आधीच जोडून ठेवावीत.

कासंडी
तास झाले, रुपये झाले. आता जे बोलायला लोक कचरतात ते बोलू. मान आणि लग्न.

"मुलगा काय करतो?" "दुधाची लाईन आहे." इथं बोलणी थांबतात. महिना पंधरा हजारांची कंपनीतली नोकरी चालते, पण पंचवीस हजार सुटणारी लाईन चालत नाही. मुलीकडच्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना दिसतं ते असं: पगारपत्रक नाही, पीएफ नाही, नवरा पहाटे घरी नाही, सणाला घरी नाही, आणि घरातल्या बाईला पिशव्या मोजायला, फोन घ्यायला, उधारी लिहायला बसावं लागणार, तेही बिनपगारी. त्यांची भीती खोटी नाही.

यावर मला दिसणारा उपाय कागदाचा आहे. लाईन पोराच्या स्वतःच्या नावावर असावी, वडिलांच्या नाही. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा उलाढालीप्रमाणे परवाना काढावा. चालू खातं, सगळा व्यवहार खात्यातून, आणि दरवर्षी विवरणपत्र भरावं. तीन वर्षांची विवरणपत्रं हातात असली की बँकही कर्ज देते आणि सोयरीकवालेही ऐकून घेतात. वडिलांच्या नावावरची लाईन चालवणारा पोरगा कागदोपत्री बेकारच असतो, आणि बहुतेक जण असेच आहेत.

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही. संस्थेत टेस्टिंग आणि हिशेबाला मुली उत्तम काम करतात, पुढं विक्रीत मात्र त्यांना जागा नाही, कारण रात्री अडीचची लोडिंग. पण पार्लर, दह्या-पनीरची पॅकिंग, हॉटेलांच्या ऑर्डरी घेणं, वसुली ही कामं सकाळी सहा ते दोन या वेळेत बसतात. लाईन आणि ऑर्डर ही दोन कामं वेगळी केली तर निम्म्या जागा मुलींना खुल्या होतात.

चिकोडीमामा
ताई, नावावर लाईन करून द्यायचा मुद्दा लाखमोलाचा. बापलोकांनी हे वाचावं.

दहीहंडी४३
जी पोरं टिकतात ती कशामुळे टिकतात, याचं उत्तर माझ्या मते दह्यात आहे. पिशवीच्या दुधावर किंमत छापलेली, कमिशन ठरलेलं. तिथं पोराच्या डोक्याला कामच नाही. दही, ताक, पनीर, खवा यांत हुशारीला दाम मिळतो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दह्याची रीत देतो. दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून तिथं दहा-पंधरा मिनिटं धरायचं. नुसती उकळी आणून उतरवलं तर दही पातळ लागतं आणि पाणी सुटतं. मग ४२-४३ अंशांवर आणून दीड ते दोन टक्के विरजण, म्हणजे १० लिटरला १५० ते २०० मिली, ढवळून कपात भरायचं. चार-पाच तासांत लागतं. लागल्याबरोबर हलक्या हातानं थंडीत, ४-५ अंशांवर. इथंच नवीन माणूस चुकतो: लागल्यावर तासभर बाहेर राहिलं तर आंबटपणा चढतो आणि तिसऱ्या दिवशी दुकानदार परत करतो. दुसरी चूक, तेच विरजण महिनाभर फिरवत राहणं. आठवड्याला ताजं कल्चर घ्यावं.

पनीरला म्हशीचं दूध घेतलं तर ५ लिटरला किलो बसतं, गाईचं साडेसहाच्या आसपास. दूध ९० अंशांपर्यंत तापवून ७५-८० वर उतरवायचं, लिटरला साधारण २ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून हळूहळू घालायचं. निवळी हिरवट-पिवळी, स्वच्छ दिसली की थांबायचं. निवळी दुधाळ असेल तर आम्ल कमी पडलं, आणि माल निवळीत वाहून चालला. जास्त पडलं तर पनीर रबरासारखं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पॅक केलेल्या पनीरवरचा जीएसटी शून्य झाला, तुपावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. याचा फायदा हॉटेलला कोटेशन देताना सांगता आला पाहिजे.

सायसाखर
कुंद्याचा, आपल्या खव्याच्या मिठाईचा, उल्लेख कुणी करणार की नाही? बेळगावात दुधाची चर्चा आणि कुंदा नाही!

दहीहंडी४३
करतो की. हलवाई हे फार चांगलं गिऱ्हाईक आहे, पण तो पिशवी घेत नाही. त्याला म्हशीचं, ६ च्या वर फॅट आणि ९ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असलेलं दूध लागतं. तो तुमचा रिपोर्ट बघत नाही, एक लिटर कढईत आटवतो आणि तोलतो. २०० ग्रॅमच्या आसपास खवा बसला तर ठीक, १७० वर आला तर दुसऱ्या दिवसापासून तुमचा कॅन बंद. म्हणून हलवाईला दूध घालणाऱ्यानं एकाच गोठ्याचं किंवा एकाच गावचं दूध धरून ठेवावं. आज इथलं, उद्या तिथलं केलं की खवा कमी-जास्त बसतो.

वडगावचा_वाटसरू
थोडं वेगळं मत मांडतो. लाईनीच्या तोट्यात पडण्यापेक्षा सुट्या दुधाचा रतीब बरा. मोटारसायकलला दोन कॅन, ६० घरं, ६० लिटर. घरचं किंवा शेजारच्या गोठ्याचं म्हशीचं दूध. समजा संस्थेपेक्षा लिटरला १२ रुपये जास्त सुटले तर रोज ७२० आणि पेट्रोल वजा जाता सहाशेच्या आसपास. सकाळी नऊला मोकळा, गाडीचा हप्ता नाही, हेल्पर नाही. खानापूरकडची आणि चंदगडकडची बरीच पोरं हेच करतात.

अडचण वसुलीची. महिनाअखेरीला "पुढच्या दोन तारखेला या", मग "साहेब गावाला गेलेत". ६० घरांत दहा घरं अशी निघाली की नफा तिथंच बुडाला. यावर चालणारी पद्धत: आगाऊ कुपनं. ३० कुपनांचं पुस्तक, पैसे आधी, रोज पातेल्यासोबत कुपन दारात. ज्या दिवशी दूध नको त्या दिवशी कुपन लावायचं नाही, म्हणजे खाड्यांवरून वाद नाही. फ्लॅटवाल्यांना हे आवडतं. जुन्या वाड्यातल्या गिऱ्हाइकाला कार्ड लागतं; तिथं पंधरवड्याला पैसे घ्यावेत, महिन्याला नाही. रक्कम लहान असली की लोक देऊन टाकतात.

डिग्री२८
वाटसरू, रतीब चांगला, पण एक इशारा. सुटं दूध कच्चं असतं. धार काढल्यापासून गिऱ्हाइकाच्या पातेल्यापर्यंत तीन तासांच्या आत पोचलं पाहिजे, उन्हाळ्यात दोन. कॅन रोज गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन पालथा वाळवायचा. झाकणाच्या रबरी रिंगखाली साय राहते, नासण्याचं मूळ तिथं असतं. आणि ज्या जनावराला कासदाहासाठी अँटिबायोटिक दिलंय त्याचं दूध औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत वेगळं ठेवायचं. रतीबवाल्याला हे विचारणारं कुणी नसतं, म्हणून त्यानंच स्वतःला विचारायचं.

आणखी एक. गिऱ्हाइकं हल्ली घरी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता डिग्रीत दाखवणारी नळी, आणतात. धार काढल्याबरोबर दुधात हवा अडकलेली असते, डिग्री कमी येते. अर्ध्या तासानं घ्यावी. फ्रीजमधल्या गार दुधात उलट जास्त येते. लॅक्टोमीटरवर जे तापमान लिहिलंय, आपल्याकडं बहुधा २७ अंश, त्याच्या जवळ दूध आणून मगच वाचायचं. आणि नुसत्या डिग्रीवरून पाणी ठरत नाही. एसएनएफ काढायला डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. २८ डिग्री आणि साडेतीन फॅट असेल तर ८.१ येतो. शेवटचा आकडा संघागणिक थोडा बदलतो. हे शांतपणे समजावून सांगता आलं तर गिऱ्हाईक तुटत नाही. हिशेब येणाऱ्या पोराचा आवाजच वेगळा लागतो.

रातराणी
देशी गाईचं दूध त्यातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून "ए-टू दूध" म्हणून दुप्पट भावानं विकतात त्याचं काय? तरुणांना तो मार्ग आकर्षक वाटतो.

टीपकागद
ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं पाकिटावरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि थोड्याच दिवसांत ती सूचना मागं घेतली. म्हणजे पायाखालची जमीन हलती आहे. देशी गाईचं ताजं, स्वच्छ, वेळेवर पोचणारं दूध म्हणून विका. कुणी दावा काढायला सांगितला तरी गिऱ्हाईक राहील.

बांधावरून
शिक्षणाचा रस्ता कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. डेअरी टेक्नॉलॉजीची पदवी कर्नाटकात हेब्बाळ आणि कलबुर्गीजवळ महागावला, महाराष्ट्रात उदगीर आणि पुसदजवळ वरुडला. विक्री आणि व्यवस्थापनात जायचं तर आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, १९७९ पासूनची. पण पदवीवाला प्लँटमध्ये जातो, बाजारात येत नाही. मधली फळी, म्हणजे लाईन सुपरवायझर, शीतसाखळी बघणारा, तक्रारी सोडवणारा, यांना शिकवणारं गावाजवळ काही नाही. बारावी झालेल्या पोराला तीन महिन्यांत हे शिकवता येतं.

उदाहरणार्थ "दूध फाटलं" ही तक्रार. नवीन पोरगा पिशवी बदलून देतो आणि नुकसान सोसतो. शिकलेला विचारतो: एकाच दुकानातून आली की चार दुकानांतून? एकाच बॅचची आहे का? चार दुकानांतून, एकच बॅच, तर प्लँटकडं कळवायचं आणि पिशवीवरच्या छापाचा फोटो काढायचा. एकाच दुकानातून, तर फ्रीजमध्ये थर्मामीटर घालायचा. बरेच दुकानदार रात्री वीज वाचवायला फ्रीज बंद करतात. सकाळी दूध हाताला गार लागतं, पण रात्रभर ते १५-२० अंशांवर राहिलेलं असतं. उकळलं की फाटतं. चमचाभर दूध परीक्षानळीत उकळून बघितलं की जागेवर कळतं. दोनशे रुपयांचा थर्मामीटर खिशात असला तर निम्मे वाद मिटतात.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडं येतो. तास, सुट्टी नाही, पहिले सहा महिने तोटा, गळतीचा भार, नाव नाही, शिकवणी नाही. यातलं आपल्या हातात काय आहे? संघ किंवा कंपनी बदलेल तेव्हा बदलेल.

डिग्री२८
दोन पोरांची भागीदारी. हिशेब टीपकागद तपासतील.

४०० लिटरच्या दोन शेजारच्या लाईनी एकत्र, ८०० लिटर, एक पिकअप. क्रेटसकट वजन टनाच्या आसपास जातं, म्हणून छोटा हत्ती चालणार नाही. एक चालवतो, एक उतरवतो, हेल्पर नाही. संध्याकाळची फेरी आळीपाळीनं. आठवड्यात प्रत्येकाला एक पूर्ण सुट्टी, त्या दोन दिवसांपुरता बदली माणूस.

८०० × २.७७ = २,२१६. डिझेल ५००, हप्ता ५५०, टायर-विमा १२०, बदली माणसाचे आठवड्याचे ६०० म्हणजे रोज ८६. उरले ९६०. प्रत्येकी ४८०.

टीपकागद
बेरीज बरोबर आहे. पण महिन्याला १४,४०० मध्ये पोरगा थांबणार नाही. यात ६० किलो दही-ताक जोडा, किलोला ५ रुपये सुटले तरी ३०० वाढले. प्रत्येकी ६३०, महिना १८,९००, आणि आठवड्याला सुट्टी. आता तुलना होऊ शकते. दह्याशिवाय हे गणित बसत नाही, ही गोष्ट सुरू करतानाच लक्षात ठेवावी.

कासंडी
भागीदारी असेल तर करार लिहून घ्या. गाडी कुणाच्या नावावर, दुकानं कुणाची, एकानं सोडलं तर काय. स्टॅम्पपेपरवर चार ओळी. मैत्री टिकते.

रातराणी
आणि सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

चिकोडीमामा
दिवाळी झाली की. थंडीत दूध वाढलेलं असतं, नवीन एजंटला इंडेंट मिळतो, कपात होत नाही. माल नासत नाही, म्हणून चुकायला जागा मिळते. कॉलेजं, मेस, चहाच्या गाड्या चालू असतात. मार्च येईपर्यंत दुकानं ओळखीची होतात, मग दही-ताकाचा हंगाम. रमजान ज्या वर्षी ज्या महिन्यात असेल तेव्हा संध्याकाळची मागणी वाढते, आणि ईदच्या आदल्या दिवशी शीरखुर्म्यासाठी दूध कमी पडतं. तो इंडेंट चार दिवस आधी लावायचा. एप्रिलमध्ये सुरू करणाऱ्याला दूध मिळत नाही, जूनमध्ये सुरू करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

पहिला महिना इंडेंट दुकानदारांनी सांगितलेल्या बेरजेपेक्षा वीस लिटर कमीच लावायचा. कमी पडलं तर दुकानदार उद्या जास्त मागतो. उरलं तर ते घरी घेऊन यावं लागतं, आणि त्याचं दही लावायला घरात कुणीतरी जागं असावं लागतं.